तीन पिढ्यांची माथेरान सहल : नियोजनाची वैद्यकीय दृष्टी

रुग्णास हवापालट सुचविणे हा आपल्या व्यवसायातील नित्याचा प्रघात आहे. 'चार दिवस थंड हवेच्या ठिकाणी जाऊन या, झोप सुधारेल, भूक लागेल' हे वाक्य महिन्यातून किमान दहा वेळा आपल्या तोंडून जाते. परंतु स्वतः वैद्याने चिकित्सालयास कुलूप लावून आईवडील, पत्नी, मुले आणि भावंडे यांच्यासह डोंगरावर जावे, ही घटना आपल्या व्यवसायात विरळाच. औषधी दुकानदार बंधूंची स्थिती याहून वेगळी नाही. दुकान एक दिवस बंद राहिले, तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानी जाईल, ही धास्ती त्यांना रविवारीही घरी बसू देत नाही.

भिवंडीसारख्या गावात तर विश्रांतीची गरज अधिक. यंत्रमागांची अहोरात्र खटखट, हवेतील कापसाचे तंतू, गोदामांकडे जाणाऱ्या मालट्रकांची रांग आणि त्यातून वाट काढत चिकित्सालयात पोहोचणारा वैद्य, हे आपले रोजचे चित्र आहे. श्वासाचे, कर्णनादाचे, अनिद्रेचे रुग्ण आपण तपासतो. मात्र तीच हवा आणि तोच आवाज आपल्या घरातील वृद्धांच्या व बालकांच्याही वाट्यास आलेला असतो, हे सोयीस्करपणे विसरतो. प्रस्तुत लेखात आमच्या कुटुंबाच्या एका सहलीच्या निमित्ताने, तीन पिढ्यांना एकत्र घेऊन डोंगरावर जाताना आपलेच शास्त्र कसे उपयोगी पडते, हे मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

एक फसलेली सहल

यशाआधी अपयश सांगणे उचित. मे २०१८ मध्ये आम्ही दहा जण महाबळेश्वरास गेलो होतो. आमचे वडील, म्हणजे अण्णा, तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचे. १९६९ पासून भिवंडीत त्यांचे चिकित्सालय आहे. आई, अण्णांची थोरली बहीण म्हणजे आमच्या आत्या, मी, पत्नी, औषधी दुकान चालविणारे धाकटे बंधू, भावजय आणि मुले असा परिवार होता. बेत माझा होता आणि तो मी माझ्या वयाच्या मापाने आखला होता. सात-आठ तासांचा प्रवास, पोहोचल्याबरोबर सूर्यास्त, दुसऱ्या दिवशी पहाटेपासून आर्थरसीट, केट्स पॉइंट, लॉडविक पॉइंट, तिसऱ्या दिवशी प्रतापगडाच्या पायऱ्या आणि लगोलग परतीची वाट. 'पैसे भरले आहेत तर सर्व पाहून घ्यावे' या वृत्तीने केलेला हा कार्यक्रम होता.

आईचे गुडघे दुसऱ्याच दिवशी सुजले. पुतण्याला घाटात गाडी लागली. अण्णा मात्र काही बोलले नाहीत. त्यांना वाताष्ठीलेचा त्रास आहे हे मला ठाऊक होते, तरी परतीच्या वाटेवर 'कोणाला थांबायचे आहे का?' असे मी एकदाच, तेही गाडीचा वेग कमी न करता विचारले. आपल्यामुळे सर्वांचा खोळंबा नको म्हणून त्यांनी तीन तास मूत्रवेग धारण केला. दुसऱ्या दिवशी दाह, तिसऱ्या दिवशी ज्वर, आणि पुढचे आठ दिवस अंथरूण. वेगधारणाचे दुष्परिणाम ज्यांनी मला शिकविले, त्यांच्यावरच ते धारण करण्याची वेळ त्यांच्या वैद्य मुलाने आणली, ही खंत आजही मनातून गेलेली नाही.

बरे झाल्यावर अण्णा एवढेच म्हणाले, "आता तुम्ही जात जा. आम्ही घर सांभाळतो." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. पुढे कोरोनाची दोन वर्षे गेली. वृद्धांनी घर सांभाळायचे आणि तरुणांनी फिरायचे, अशी वाटणी नकळत कायम झाली. २०२४ च्या श्रावणात एके दिवशी आई पत्नीला म्हणाली, "सगळ्यांनी मिळून शेवटचा डोंगर कधी बघितला गं आपण?" त्या 'शेवटचा' या शब्दाने मी सावध झालो आणि सहलीचा विचार पुन्हा सुरू झाला. या वेळी मात्र आरंभ स्थळापासून न करता माणसांपासून करायचा, असे ठरविले.

परीक्षा आधी, बेत नंतर

चरकसंहितेच्या विमानस्थानात रुग्णाच्या दशविध परीक्षेचा उपदेश आहे. औषधाची मात्रा ठरविण्यासाठी आपण ती करतो. सहलीची मात्रा ठरविण्यासाठी त्यांपैकी सात्म्य, सत्त्व, आहारशक्ती, व्यायामशक्ती आणि वय या पाच परीक्षा पुरेशा आहेत. मी एका कागदावर दहा जणांची नावे लिहिली आणि प्रत्येकापुढे हे पाच रकाने भरले. अर्ध्या तासाचे काम. पण त्यातून जे दिसले, ते तोवर एकाच घरात राहूनही दिसले नव्हते.

आपल्या शास्त्राने सोळा वर्षांपर्यंतचे वय बाल्य, सत्तरीपर्यंतचे मध्यम आणि त्यापुढील वृद्ध मानले आहे, व या तीन अवस्थांत अनुक्रमे कफ, पित्त आणि वात यांचे प्राबल्य सांगितले आहे. तीन पिढ्यांचे कुटुंब म्हणजे तीनही दोष एकाच गाडीत. मधल्या पिढीला वेळापत्रक, खर्च आणि रांगा यांची तडफ असते. ती पुढे धावते. बालकाला झोप अधिक लागते आणि थोडे थोडे, वारंवार खावेसे वाटते. वृद्धाची झोप तुटक, अग्नी विषम, सांधे रूक्ष आणि मन नव्या जागी अस्थिर. बेत बहुधा मधली पिढी करते, कारण पैसा व वाहन तिच्या हाती असते. त्यामुळे साऱ्या कुटुंबाला पित्ताच्या गतीने पळावे लागते. माझ्या मते कौटुंबिक सहली फसतात, त्याचे मुख्य कारण हेच आहे.

चालण्याच्या बाबतीत अर्धशक्तीचा नियम आपणांस पाठ आहे. कपाळावर व नाकावर घाम येऊ लागला, श्वास तोंडाने घ्यावासा वाटू लागला, की अर्धी शक्ती खर्च झाली असे समजून थांबावे. त्यातही बालक व वृद्ध यांना व्यायाम वर्ज्य सांगितला आहे, म्हणजे त्यांचा थांबा याच्याही अलीकडे. सहलीआधी महिनाभर अण्णा रोज सायंकाळी माझ्यासोबत चालू लागले. घड्याळ लावून पाहिले, तेव्हा ते बारा मिनिटे आरामात चालतात आणि नंतर त्यांना पाच मिनिटे बसावे लागते, असे आढळले. आईची मर्यादा आठ मिनिटांची निघाली. पुढील साऱ्या बेताचा पाया या दोन आकड्यांवर रचला गेला.

स्थळाची निवड

घरात मुलांनी मनालीचे नाव घेतले. बंधूंच्या मनात लेह होते. उंचीचा विचार येथे अगत्याचा आहे. लेह सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे, केदारनाथही तितक्याच उंचीवर. अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेमुळे डोकेदुखी, मळमळ, श्वास लागणे अशी लक्षणे निरोगी तरुणासही होऊ शकतात; हृद्रोग किंवा श्वासाचा इतिहास असलेल्या वृद्धांना तेथे अकस्मात नेणे जोखमीचे. मनाली सुमारे दोन हजार मीटरवर असली, तरी भिवंडीहून दोन दिवसांचा प्रवास. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर, पण तेथील आठवण ताजी होती. माथेरान सुमारे ८०० मीटर. या उंचीवर विरळ हवेचा त्रास होत नाही, आणि दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंशांनी तापमान उतरते या हिशेबाने पायथ्याच्या नेरळपेक्षा वर चार-पाच अंशांचा गारवा मिळतो. घरापासून नेरळ दोन तासांच्या आत. काही कमी-अधिक झाल्यास रात्रीपूर्वी घरी परतणे शक्य.

आणखी एक कारण होते. माथेरानात मोटारींना प्रवेश नाही. दस्तुरी नाक्यावर वाहने थांबतात आणि पुढे पायी, घोड्यावर वा लहान गाडीने जावे लागते. ज्या पिढीला रस्ता ओलांडताना नातवाचा हात घट्ट धरावा लागतो, तिला हॉर्नविना रस्ता म्हणजे काय सुख, हे भिवंडीकरास वेगळे सांगावयास नको.

माथेरानचा ठाणे जिल्ह्याशी जुना संबंध आहे. ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात हा डोंगर चढून गेले आणि तेथे थंड हवेचे ठिकाण वसविण्याची कल्पना पुढे आली. नेरळहून वर जाणारी दोन फूट रुंदीची रेल्वे सर आदमजी पीरभॉय यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी बांधली. ती १९०७ मध्ये सुरू झाली. सर आदमजी माथेरानास वारंवार जात, आणि तेथे पोहोचणे सुकर व्हावे ही त्यांची इच्छा होती. वडिलांच्या इच्छेसाठी मुलाने डोंगरात रूळ घातले, हे वाचल्यावर आपल्याला केवळ तिकिटे काढायची आहेत, या विचाराने मला बरेच हलके वाटले.

हे सर्व सांगितल्यावर अण्णा प्रथमच उत्सुकतेने म्हणाले, "माथेरान? आम्ही कॉलेजातून वनस्पती ओळखायला गेलो होतो तिथे. पासष्ट साली. हिरड्याची झाडं आहेत वर." घर सांभाळण्याचा विषय त्या क्षणी संपला.

काळ आणि चिकित्सालय

काळ निवडताना ऋतू, मुलांची शाळा आणि व्यवसाय या तिन्हींचा मेळ घालावा लागतो. वर्षा ऋतूत माथेरानचे सौंदर्य विलक्षण, पण वाटा निसरड्या, अग्नी मंद, वात प्रकुपित. शिवाय त्या काळात नेरळहून निघणारी छोटी गाडी बंद असते, आणि आपल्याकडे ज्वराच्या रुग्णांची रीघ असते. मे महिन्यात गर्दी व उष्णता. दिवाळीपूर्वी च्यवनप्राश व उटण्याच्या मागणीमुळे औषधी दुकान सोडवत नाही. म्हणून मार्गशीर्षातील, म्हणजे डिसेंबरमधील चार दिवस निवडले. हेमंतात अग्नी प्रदीप्त, बल उत्तम. प्रवासातील कमी-जास्त आहारही पचून जातो. सोमवार ते गुरुवार असे दिवस घेतल्याने गर्दी टळली आणि खोल्याही मनासारख्या मिळाल्या. मुलांच्या शाळेची रजा तीन दिवसांची पडली. ती मी निःसंकोच घेतली.

चिकित्सालय बंद ठेवण्याची तयारी महत्त्वाची आहे. पंचकर्म करणाऱ्या बंधूंनी विशेष लक्ष द्यावे. स्नेहपान तीन ते सात दिवस, त्यानंतर स्वेदन व मुख्य कर्म, पुढे संसर्जन क्रम. म्हणजे एक विरेचनाचा रुग्ण आपल्याला सहज पंधरवडा बांधून ठेवतो. सहलीच्या तारखेआधी अठरा दिवस मी नवे स्नेहपान सुरू करणे थांबविले. जुनाट रुग्णांना आठवड्याऐवजी दहा दिवसांचे औषध दिले. शेजारच्या गल्लीतील स्नेही वैद्यांना तातडीचे रुग्ण पाहण्याची विनंती केली आणि त्यांच्या रजेच्या दिवसांत आपण तेच करू, असा शब्द दिला. दुकानदार बंधूंनी नेहमीच्या गिऱ्हाइकांना आठवडाभर आधी कळविले आणि विश्वासू नोकराकडे सकाळी दोन तास दुकान उघडण्याचे काम सोपविले; मात्र काढे व मात्रा सुट्या देण्याचे बंद ठेवले.

चिकित्सालयाच्या दारावर लावायची पाटी अण्णांनी स्वतः लिहिली. आजवर त्या दारावर दुःखद प्रसंगांच्या पाट्या लागल्या होत्या. 'कौटुंबिक सहलीनिमित्त चार दिवस बंद' असे ते पंचावन्न वर्षांत प्रथमच लिहीत होते. 'सहलीनिमित्त' लिहावे की 'अपरिहार्य कारणास्तव', यावर ते थोडा वेळ थांबले, हे मी पाहिले. शेवटी खरे तेच लिहिले.

प्रवास : वेग अडवू नयेत

चरकाचार्यांनी तेरा अधारणीय वेग सांगितले आहेत. त्यांपैकी मूत्र, पुरीष, छर्दी, क्षुधा, तृष्णा, निद्रा आणि श्रमश्वास हे सात तर प्रवासातच अधिक अडविले जातात. म्हणून प्रवासाचा एकच नियम केला : दर पाऊण तासाने गाडी थांबेल, कोणी मागणी करो वा न करो. विचारल्यावर वृद्ध 'नको' म्हणतात. गाडी थांबल्यावर मात्र उतरतात. या एका नियमाने मागील सहलीतील निम्मे दोष दूर झाले.

भिवंडी रोड स्थानक वसई-दिवा मार्गावर असल्याने नेरळला थेट लोकल मिळत नाही. कल्याणला जाऊन कर्जतची लोकल पकडता येते. कल्याण ते नेरळ रेल्वेचे अंतर ३३ किलोमीटर आहे. सामान व वृद्ध असल्याने आम्ही दोन मोटारी केल्या आणि पहाटे साडेपाचला, मालट्रकांची गर्दी होण्यापूर्वी, कोनगाव व कल्याण मागे टाकले. पुढे बदलापूर, वांगणी, शेलू करत नेरळ.

नेरळला आम्ही कुटुंबाचे दोन भाग केले. छोट्या गाडीचा प्रवास नयनरम्य, पण दोन तासांहून अधिक वेळाचा, लाकडी बाकांचा, आणि डब्यात स्वच्छतागृह नसते. तेव्हा बंधू, भावजय, माझी मुलगी आणि दहा व तीन वर्षांची दोन पुतणी-पुतणे यांनी त्या गाडीने जावे, आणि आम्ही तिन्ही वृद्धांसह टॅक्सीने दस्तुरीला जावे, असे ठरले. दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्थानकापासून माथेरानपर्यंत हीच छोटी गाडी फेऱ्या करते. त्यामुळे वृद्धांनाही तिचा आनंद थोडक्यात, झेपेल इतका मिळाला. त्या गाडीची तिकिटे अण्णांनी आपल्या पैशांनी काढली आणि कोणाचे ऐकले नाही. 'सहल म्हणजे सर्वांनी सर्वकाळ बरोबर' हा हट्ट सोडणे, हे मला या प्रवासातील सर्वांत मोठे शिक्षण वाटते. दिवसातून एक जेवण आणि एक फेरफटका सर्वांनी मिळून करावा. बाकी वेळ ज्याने त्याने आपल्या बलानुसार घालवावा.

घाटातील वळणांवर गाडी लागू नये म्हणून निघण्याआधी पोटभर न खाता थोडी भाकरी व तूप, पुतण्याला खिडकीजवळची जागा, आणि सर्वांच्या हाती आल्याची वडी असा उपाय केला. आंबट ढेकर देत पोहोचण्याचा मागचा अनुभव या वेळी आला नाही.

माथेरानातील चार दिवस

निवास ठरविताना मी दूरध्वनीवर पाच प्रश्न विचारले होते. खोली तळमजल्यावर आहे का? कमोड आहे का? स्थानकापासून चालत किती मिनिटे? रात्रीचे जेवण साडेसातला मिळेल का? पहाटे गरम पाणी मिळेल का? दृश्य कसे दिसते, हे विचारले नाही. पाचही उत्तरे होकारार्थी देणारे साधे निवासस्थान मिळाले.

स्थानकाबाहेर हातरिक्षावाल्यांनी अण्णांना बसण्याचा आग्रह केला. अण्णा म्हणाले, "माणसानं ओढलेल्या गाडीत मी बसणार नाही. दहा मिनिटांची वाट आहे, बसत बसत येईन." महिनाभर चालल्याचे फळ येथे दिसले. माथेरानात ई-रिक्षांचा प्रयोग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला होता. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेथील हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि त्या ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा आदेश दिला. ती बातमी वाचताना अण्णांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. बोलले काही नाहीत.

कार्यक्रम रोज एकच ठेवला. पहिल्या दिवशी विश्रांती व बाजारातील फेरी, जेथे आईने चिक्की आणि आत्यांनी चपला खरेदी केल्या. दुसऱ्या दिवशी शार्लट तलाव व पिसारनाथाचे दर्शन. तिसऱ्या दिवशी पहाटे तरुण मंडळी पॅनोरमा पॉइंटवर सूर्योदयास गेली. वृद्धांनी तोवर तिळाच्या तेलाचा अभ्यंग व गरम पाण्याचे स्नान केले. दुपारी बालके व वृद्ध दोघेही झोपत, त्या वेळी मधल्या पिढीस स्वतःचे दोन तास मिळत. पत्नीशी सलग दोन तास बोलण्याचा योग किती वर्षांनी आला, याचा हिशेब आम्ही केला नाही.

आत्यांना तमक श्वास आहे. माथेरानची तांबडी धूळ, त्यात घोड्यांच्या लिदीचे कण. ही गोष्ट श्वासाच्या रुग्णांनी ध्यानात ठेवावी. नाकातोंडावर ओलसर फडके बांधून, घोड्यांची वर्दळ नसलेल्या सकाळच्या वेळी त्या फिरल्या आणि त्यांना त्रास झाला नाही. माकडे हातातील खाऊ हिसकावतात, म्हणून खाण्याची पिशवी उघडी नेऊ नये. मुलांना घोड्यावर बसविताना घोडेवाल्याने लगाम हाती धरून चालावे, हे आधीच ठरवून घ्यावे.

दुसऱ्या दिवशीची हकिकत थोडी विस्ताराने सांगतो. तलावाकडे जाताना अण्णा बारा मिनिटे चालले आणि एका दगडावर बसले. बसल्या जागीच वर पाहू लागले. जांभूळ, अंजनी अशी नावे घेता घेता एका झाडाशी त्यांचा हात थांबला. त्यांनी मुलीला जवळ बोलावले आणि फांदी न मोडता पानाचा देठ दाखविला. पात्याच्या बुडाशी देठावर दोन बारीक ग्रंथी होत्या. "या पासष्ट साली आम्हाला दाखवल्या होत्या. पुस्तकात वाचून हिरडा ओळखू येत नाही." खाली पडलेले एक फळ पुतण्याने उचलून चावले. त्याचे तोंड वाकडे झाले. "आजोबा, हे तुम्ही लोकांना खायला देता?" सगळे हसले, अण्णा सर्वांत मोठ्याने. मग एकटे लवण सोडून पाचही रस या फळात कसे असतात, हे त्यांनी त्या दहा वर्षांच्या मुलाला त्याच्याच भाषेत समजावले. आमच्या दुकानात हिरड्याचे चूर्ण पोत्याने येते. बंधूंनी मात्र ते झाड त्या दिवशी प्रथम पाहिले, असे त्यांनी नंतर कबूल केले.

येथे एक विनंती. माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. वैद्याने तेथे जावे ते झाड ओळखण्यासाठी, तोडण्यासाठी नव्हे. फळे, साली, मुळ्या पिशवीत भरून आणण्याचा मोह टाळावा.

माझी मुलगी अकरावीत होती. आपल्या शाखेकडे यावे की नाही, हे तिचे तेव्हा ठरले नव्हते आणि आजही पुरते ठरलेले नाही. मी तिला काही सांगितले नाही. परंतु त्या रात्री तिने आजोबांकडून वहीत अकरा झाडांची नावे लिहून घेतली, एवढे खरे.

सोबतची औषधे

सुंठ, हिंग्वाष्टक चूर्ण, अविपत्तिकर चूर्ण, सितोपलादी, महानारायण तेल, लवंग तेल, शतधौत घृत, जखमेसाठी जात्यादी तेल व स्वच्छ पट्ट्या ही यादी आपणांस नवी नाही. त्यासोबत तापमापक, रक्तदाबमापक आणि जलसंजीवनीची पाकिटे अवश्य घ्यावीत. आई रक्तदाबासाठी व आत्या मधुमेहासाठी आधुनिक औषधे घेतात. ती दोन दिवस अधिकची, दोन निरनिराळ्या पिशव्यांत ठेवली. सहलीच्या उत्साहात चालू औषध बंद करून 'आपले' काही देऊन पाहण्याचा प्रयोग कोणीही करू नये. प्रत्येक वृद्धाच्या व बालकाच्या खिशात नाव, दूरध्वनी, चालू औषधे लिहिलेली चिठ्ठी असावी. छातीत दुखणे, बोलताना धाप लागणे, एका बाजूची शक्ती जाणे, यांपैकी काही दिसल्यास आपण वैद्य आहोत म्हणून वाट पाहत बसू नये. मोटारबंदी असली तरी माथेरानात रुग्णवाहिकेस परवानगी आहे, हे लक्षात ठेवावे. सुदैवाने आम्हाला त्या पिशवीतील फक्त सुंठ आणि महानारायण तेल लागले.

समारोप

गुरुवारी सायंकाळी आम्ही भिवंडीत परतलो. शुक्रवारी सकाळी चिकित्सालय उघडले, तेव्हा बाकावर नेहमीचेच रुग्ण होते. चार दिवसांत कोणी दुरावले नव्हते. एका वृद्ध विणकर रुग्णाने अण्णांना विचारले, "वैद्यबुवा, पाटी वाचली. कुठे गेला होता?" अण्णांनी त्यांना माथेरानची हकिकत सांगण्यात पंधरा मिनिटे घालविली आणि बाहेर रांग वाढली.

त्यानंतर अण्णांच्या उजव्या गुडघ्याने जोर धरला आहे. बारा मिनिटांची मर्यादा आता पाचवर आली आहे. चढाची वाट त्यांच्याकडून पुन्हा होईल, असे मला वाटत नाही. म्हणून पुढचा बेत सपाटीचा आहे : आपल्याच तालुक्यातील वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडे, एका दिवसाचा प्रवास. परंतु २०२४ च्या डिसेंबरात आम्ही गेलो नसतो, 'पुढल्या वर्षी बघू' म्हटले असते, तर हिरड्याच्या पानावरील त्या दोन ग्रंथी आमच्या मुलांनी आजोबांच्या बोटाने पाहिल्या नसत्या.

चिकित्सक व औषधी व्यावसायिक बंधु-भगिनींनो, आपल्या घरातील वृद्धांची व्यायामशक्ती आज किती आहे, हे एकदा घड्याळ लावून पाहावे. तो आकडा दरवर्षी उतरतो. नव्या वर्षाचे पंचांग घरात आल्यावर सणवारांप्रमाणेच सहलीचे चार दिवसही त्यात खूण करून ठेवावेत, आणि त्या तारखांच्या अठरा दिवस आधी नवे स्नेहपान सुरू करू नये, इतकीच नम्र सूचना.

इत्यलम्.